सत्त्याण्णव आणि अर्धा

टेबलावर चार तापमापक मांडलेत.
सून म्हणते, बाबा, एक ठेवा, बाकीचे देऊन टाका कुणाला.
बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
परीक्षानळ्या धुतल्यात मी.
असं देऊन टाकवत नाही.

पहिला पिस्तुलासारखा. मुलानं पाठवला, शेगडीसाठी.
घोडा दाबला की कोंबडीच्या पाठीवर लाल ठिपका
आणि आकडा : एकशे ऐंशी.
खोटं नाही. पण ते कातडीचं.
आत हाडाजवळ ती अजून गुलाबी असते.
दारातूनच "बरं चाललंय ना" विचारून
चप्पल न काढता जाणारे पाहुणे असतात, तसा तो.

दुसरा सुईचा. मांडीच्या जाड भागात, हाड टाळून खुपसायचा,
तीन सेकंदांत चौऱ्याहत्तर, की उतरवा खाली.
हुशार आहे. फक्त गेल्या आखाडात, ऐन पंगतीला
सेल संपला,
आणि आम्ही सातजण कोऱ्या पडद्याकडे बघत उभे.
शेवटी सुगंधानं मांडी मोडून बघितली.

तिसरा तबकडीचा, लांब दांड्याचा, भिलारच्या मेहुण्यानं दिलेला.
तो घरी स्ट्रॉबेरीची वाइन लावतो
आणि यीस्टविषयी जावयाविषयी बोलावं तसं बोलतो :
बाविसाच्या वर गेलं की बिनसतं.
काटा तलाठ्यासारखा,
आधी चष्मा पुसणार, मग सांगणार.

चौथा काचेचा, पाऱ्याचा.
शाळेनं भंगारात काढला तेव्हा सही करून घरी आणला.
अन्नाजवळ आणायचा नाही, ही सुगंधाची अट,
आणि ती बरोबर आहे.

काल चौघांची परीक्षा घेतली.
पातेलं, पाणी, मोठा गॅस, खळखळ.
पिस्तूल वाफेला फसतं, त्याला बाहेर बसवलं.
सुई : सत्त्याण्णव पूर्णांक सहा.
पारा : सत्त्याण्णव आणि अर्धा.
तबकडी : शंभर. रेघेवर रेघ, नेमकं शंभर.

तबकडीला पहिला नंबर देणार होतो.
खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता.
त्याच्या पायथ्याशी राहून
आपण खालीच आहोत असं वाटत राहतं जन्मभर;
समुद्राकडून मोजलं तर सातशे मीटर वर बसलोय.
हवा तेवढी विरळ.
पाणी इथं शंभरची वाट बघत नाही.

हे मला ठाऊक होतं. पुस्तकात होतं.

वैजयंता कणसे, नववी ब, खिडकीजवळचं टेबल.
साऱ्या वर्गानं एकमेकांचं बघून शंभर लिहिलं,
हिच्या वहीत साडेसत्त्याण्णव.
सरांनी तांबड्या शाईनं खोडलं,
वही माझ्या हातात दिली : सांगा तिला, नीट बघत जा म्हणावं.
मी सांगितलं.
ती म्हणाली, काका, नीटच बघितलं.
मी म्हणालो, चल, कपाट बंद करायचंय मला.

हाच पारा होता का तिच्या हातात?
बारा होते तेव्हा. आठ पोरांनी फोडले.
वाढे फाट्याला तिची खव्याची भट्टी आहे म्हणतात.
दुधाच्या बुडबुड्यांवरून तिला कळतं म्हणतात,
कुठलंच यंत्र ठेवत नाही.
मी पेढे दुसरीकडून आणतो.
म्हणजे, मुद्दाम असं नाही.

तबकडीच्या पाठीला एक नट असतो.
तो धरून काटा खाली आणता येतो.
दहाचा पाना घेऊन बसलो,
पाणी अजून उकळतंय,
सून ओट्याशी कांदा चिरतेय :
अडीच अंशानं काय फरक पडतो, बाबा?

कोंबडीला नाही पडत, म्हटलं,
आणि नट आणखी अर्धा आटा फिरवला.
जरा जास्तच फिरला.